सहांचा खेळ आणि एकटा खेळाडू : ‘फायनल फँटसी इलेव्हन’च्या उत्तरकाळाचा विचार

१

वोल्फगांग इझर यांनी १९७२ साली ‘अभिप्रेत वाचक’ ही संकल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर कादंबरी होती. संहिता आपल्या घडणीतूनच एका विशिष्ट वाचकाची जागा तयार करते आणि प्रत्यक्ष वाचक ती जागा कमीअधिक प्रमाणात भरून काढतो, असा या मांडणीचा आशय आहे. कादंबरीच्या बाबतीत ही जागा एकाच व्यक्तीची असते, हे इतके गृहीत होते की त्याची वेगळी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या संहितेचा अभिप्रेत वाचकच मुळात अनेकवचनी आहे, आणि कालांतराने ते अनेक पांगून एकच मागे उरतो, त्या संहितेचे काय होते? हा प्रश्न आता केवळ तर्कापुरता राहिलेला नाही. १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी रचलेल्या ‘मड’ या शब्दमय खेळापासून सुरू झालेल्या, अनेकांनी एकाच वेळी खेळावयाच्या भूमिकाप्रधान खेळांच्या इतिहासाने तो प्रत्यक्षात उभा केला आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ‘फायनल फँटसी इलेव्हन’ या जपानी खेळाच्या आधारे करावयाचा आहे. १६ मे २००२ रोजी जपानमध्ये सुरू झालेला हा खेळ आजही चालू आहे. त्याचा भर ओसरला. पण तो बंद पडला नाही. या दोहोंमधील दीर्घ काळात त्याला आपल्या अभिप्रेत खेळाडूची पुनर्रचना करावी लागली. ही पुनर्रचनाच येथे विचारार्थ घेतली आहे.

२

या खेळातील जगाचे नाव ‘व्हानाडिएल’. आपल्या एका दिवसात तेथे पंचवीस दिवस उलटतात. प्रारंभी खेळाडूला सहा व्यवसायांतून निवड करता येई : योद्धा, निःशस्त्र लढणारा भिक्षू, चोर, आणि श्वेत, कृष्ण व रक्तवर्णी असे तीन मांत्रिक. एका तुकडीत जास्तीत जास्त सहा जण असत. पहिल्या काही पायऱ्या एकट्याने चढता येत. त्यापुढे मात्र तुकडीवाचून प्रगती जवळजवळ अशक्य होती. मृत्यू आला की कमावलेला अनुभव घटे, प्रसंगी पात्र एक पायरी खाली उतरे.

लढाईची रचनाही याच तत्त्वावर बेतलेली होती. एका खेळाडूने आपले शस्त्रकौशल्य वापरावे, दुसऱ्याने नेमक्या क्षणी त्याला जुळणारे कौशल्य जोडावे, त्यातून ‘स्किलचेन’ निर्माण व्हावी आणि त्याच क्षणी मांत्रिकाने अनुरूप मंत्र टाकून तिचा प्रभाव वाढवावा, असा हा क्रम होता. वाक्य एकाने आरंभायचे, दुसऱ्याने पुढे न्यायचे आणि तिसऱ्याने पूर्ण करायचे, अशीच ही व्याकरणव्यवस्था होती. येथे कर्तृपद कोणा एकाचे नव्हते.

कथेच्या बाबतीतही हेच दिसते. २००४ साली आलेल्या ‘चेन्स ऑफ प्रोमाथिया’ या विस्तारातील आख्यान ठिकठिकाणी कठीण लढायांनी अडवलेले होते, आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी खेळाडूची कमावलेली पातळीही कृत्रिमरीत्या खाली आणली जाई. एरवी वाचक पान उलटतो आणि कथा पुढे जाते. येथे पुढचे पान उलटण्यासाठी सहा जणांचे हात लागत. २००३च्या ऑक्टोबरात उत्तर अमेरिकेतील खेळाडू याच जगात दाखल झाले, तेव्हा जपानी आणि इंग्रजी भाषकांत संवाद व्हावा म्हणून तयार शब्दांचा व वाक्प्रयोगांचा एक कोश खेळातच देण्यात आला. त्यातून निवडलेला शब्द समोरच्याला त्याच्या भाषेत दिसे. परस्परावलंबन ही येथे खेळाडूंची आवड नव्हती. ती संहितेची अट होती.

या नियमाला एक लक्षणीय अपवाद होता. सत्तरावी पायरी ओलांडण्यासाठी ‘मात’ नावाच्या एका वृद्ध योद्ध्याशी लढावे लागे, आणि तेथे मदतीला कोणालाही नेता येत नसे. सर्वत्र सहांची अट घालणारी संहिता एकटेपणाला कसोटीचे स्थान देते, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवावी. तिच्याकडे पुन्हा वळावे लागेल.

३

२००४च्या नोव्हेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि या खेळप्रकाराचे मानदंड बदलले. त्यात एकट्याने बरीच मजल मारता येत असे. निकोलस द्यूशनो, निक यी आदी संशोधकांनी २००६ साली त्याचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना असे आढळले की तेथील खेळाडू पुष्कळ वेळ एकटेच खेळतात. इतर लोक त्यांना सोबती म्हणून लागत नाहीत. प्रेक्षक म्हणून आणि भोवतालची वर्दळ म्हणून लागतात. ‘फायनल फँटसी इलेव्हन’मधील नंतरचा एकटा खेळाडू या वर्णनात बसत नाही. त्याच्याभोवतीची वर्दळच विरळ होत गेलेली आहे. गर्दीत एकटे असणे आणि गर्दी ओसरल्यावर एकटे उरणे या दोन भिन्न अवस्था आहेत.

पुढे विरळ झालेली जगे एकमेकांत विलीन करावी लागली. २०१३च्या ऑगस्टमध्ये त्याच कंपनीचा ‘फायनल फँटसी फोर्टीन’ नव्या रूपात अवतरला. त्यानंतर काही महिन्यांतच, २०१३च्या डिसेंबरात, जुन्या खेळात एक नवा मंत्र आला. त्याच्या योगे खेळाडू कथेतील पात्रांची प्रतिरूपे बोलावून आपली तुकडी उभी करू शकतो. प्रारंभी अशी तीन प्रतिरूपे बोलावता येत. पुढे ही संख्या पाचवर गेली. पाच प्रतिरूपे आणि स्वतः खेळाडू मिळून सहा. म्हणजे संहितेने सहांची अट रद्द केली नाही. तिने पाच जागा स्वतःच भरून दिल्या. इंग्रजीत या मंत्राचे नाव ‘ट्रस्ट’, तर जपानी आवृत्तीत ‘फेथ’ आहे. विश्वास आणि श्रद्धा. विश्वास जो मोडू शकतो त्याच्यावर टाकला जातो. श्रद्धेला समोरच्याकडून उत्तर येण्याची आवश्यकता नसते. त्या दृष्टीने जपानी नाव अधिक नेमके म्हणावे लागेल.

४

या बदलाकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही. जुनी सामुदायिकता निर्दोष नव्हती. ज्यांचा व्यवसाय तुकडीला उपयोगी वाटत नसे, त्यांना निमंत्रणाची वाट पाहत तासन्तास बसावे लागे. ज्यांना सलग तीन-चार तास काढता येत नसत, त्यांना आख्यानाचा शेवट पाहावयास मिळत नसे. समुदाय अर्थ निर्माण करतो हे स्टॅन्ली फिश यांचे प्रतिपादन मान्य केले, तरी समुदायच प्रवेशाचा दरवाजाही राखतो हे विसरता येत नाही. प्रतिरूपांनी हा दरवाजा उघडला. २००४ साली अर्ध्यावर सोडलेले आख्यान दहा-बारा वर्षांनी एकट्याने पुरे करणे त्यामुळे शक्य झाले.

तथापि त्याचे मोल कोणत्या चलनात चुकवले गेले, तेही पाहावयास हवे. प्रतिरूप उशीर करत नाही, चुकत नाही असे नाही पण ओशाळत नाही आणि मुख्य म्हणजे नकार देत नाही. ठरावीक प्रसंगी ते ठरावीक वाक्य बोलते. जुन्या तुकडीतील पाच जणांपैकी प्रत्येकाला उठून जाण्याचे स्वातंत्र्य होते; ते बसून राहिले, यातच त्यांच्या सोबतीचा अर्थ होता. येथे सोबत उरली, पण ऋण उरले नाही. पूर्वी जो संबंध होता, तो आता निर्देश झाला.

५

मग हा एकटा खेळाडू तेथे का थांबतो? ‘स्मरणरंजन’ हे उत्तर सहज सुचते, परंतु ते अपुरे आहे. आपल्याकडील ओवीबद्ध ग्रंथांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. चातुर्मासात पोथी लावली जाते, तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक असतात, आणि ग्रंथकारही श्रोत्यांना उद्देशून बोलत असतो. तीच पोथी कोणी घरी एकट्याने, मनातल्या मनात वाचली, तरी श्रोत्यांना केलेले संबोधन गळून पडत नाही. वाचक एक असतो. संहिता मात्र सभेशी बोलत राहते. या विसंगतीची जाणीव ज्याला होते, त्याला ग्रंथाबरोबर ती सभाही वाचता येते.

व्हानाडिएलमधील एकट्या खेळाडूचे वाचन या जातीचे आहे. वाल्कुर्म येथील वाळूच्या टेकड्या एके काळी तुकड्या जमण्याची जागा होत्या. आज तेथून सरळ चालत जाता येते. पण शत्रूंची ठेवण, तळाची जागा आणि पळून जाण्याची वाट सहांच्या मापाचीच आहे. २०१५च्या मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांत तीन भागांत प्रसिद्ध झालेल्या ‘रॅप्सडीज ऑफ व्हानाडिएल’ या आख्यानात ही जाणीव कथेच्या पातळीवर आली. त्यात इरोहा नावाची मुलगी उद्ध्वस्त झालेल्या भविष्यातून येते आणि खेळाडूला गुरू मानते. जग रिकामे होत जाणे हेच तेथील संकट आहे, आणि आधीच्या सर्व आख्यानांतील स्नेह्यांना एकत्र आणणे हा त्यावरील उपाय. प्रतिरूपांची संख्या तीनवरून पाचवर जाते तीही याच आख्यानात पुढे जाता जाता. ओसरत्या खेळाने आपल्या ओसरण्यालाच आशयसूत्र केले, असे म्हणता येईल.

आणि मातही परत येतो. ज्याने कधी काळी प्रत्येकाला एकटे उभे करून पारखले, त्या वृद्धाचेही प्रतिरूप बोलावता येते. एकटेपण अपवाद होते तेव्हा तो प्रतिस्पर्धी होता. एकटेपण नियम झाल्यावर तो सोबती झाला. खेळाच्या दोन कालखंडांतील अंतर मोजण्यास याहून चांगले माप क्वचितच सापडेल. पण हे माप ज्याला पहिली लढत आठवते त्यालाच दिसते, किंवा जो तिचा इतिहास मुद्दाम जाणून घेतो त्याला.

६

प्लेस्टेशन टू आणि एक्सबॉक्स ३६० या यंत्रांवरील सेवा ३१ मार्च २०१६ रोजी थांबली; संगणकावरील खेळ चालू राहिला आणि २०२०च्या ऑगस्टपासून त्यात नवे आख्यानही सुरू झाले. सर्वच खेळांना हे भाग्य लाभले नाही. ‘सिटी ऑफ हीरोज’ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद झाला. पुढे त्याच्या चाहत्यांनी तो स्वतः चालवला आणि २०२४च्या जानेवारीत त्यांच्यापैकी एका गटाला अधिकृत परवाना मिळाला. ‘ॲशरन्स कॉल’ची अधिकृत सेवा ३१ जानेवारी २०१७ रोजी संपली. दुर्मिळ पुस्तकाची एखादी प्रत कोठेतरी उरते. खेळाडूच्या घरातील तबकडीवर मात्र हे जग पूर्णपणे कधीच नव्हते; त्याचा मोठा भाग दूरच्या सर्व्हरवर होता.

म्हणून अशा खेळात एकट्याने टिकून राहणाऱ्याकडे समीक्षेने सहानुभूतीने पाहावे, एवढेच पुरेसे नाही. तिने त्याच्याकडून शिकावयास हवे. तो समुदायाचा अवशेष नाही आणि त्याचा पर्यायही नाही. समुदायासाठी लिहिलेली संहिता समुदायाच्या पश्चात कशी वाचावी, याची रीत तो घडवत आहे. ती रीत नोंदवून ठेवण्याचे काम, जग चालू आहे तोवरच, आपले आहे.