रौप्य, विहीर आणि घागर : जलशुद्धीच्या इतिहासातील एक प्रकरण

पुणे-अहमदनगर रस्त्यावरील सुपा हे गाव पारनेर तालुक्यात, म्हणजे पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर असे झाले आहे.) या पट्ट्यात पाण्याचा प्रश्न आधी ते मिळण्याचा आणि मागाहून ते शुद्ध असण्याचा असतो. विहीर आटू लागली की तळचे गढूळ पाणी उपसले जाते; पुढे टँकर येतो, आणि त्याचे पाणी पुष्कळदा विहिरीतच सोडून पुन्हा पोहऱ्याने काढावे लागते. जंतुनाशकांच्या इतिहासाकडे या विहिरीच्या काठावरून पाहिले असता एक गोष्ट नजरेत भरते. रौप्याचा जंतुघ्न गुण शास्त्राला दीडशे वर्षे ठाऊक आहे. तथापि गावाच्या विहिरीचे औषध होण्याचा मान त्याला लाभला नाही. ते आले ते एकदम घरातील घागरीपाशी. असे का घडावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

रौप्याच्या गुणाची पहिली शास्त्रीय नोंद फ्रान्समधील रोलाँ यांची मानली जाते. काळ्या बुरशीची एक जात चांदीच्या भांड्यात वाढत नाही, असे त्यांना १८६९ साली आढळले. धातूच्या अत्यल्प अंशाने सूक्ष्मजीव मरतात, या व्यापाराला नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने स्वतंत्र नाव दिले. त्याचे हे लेखन १८९३ साली, त्याच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. वैद्यकाने मात्र इतकी वाट पाहिली नाही. लाइपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा थेंब घालण्याचा प्रघात पाडला, आणि शेकडा दहाच्या आसपास असलेले नेत्रदाहाचे प्रमाण एकावर किंवा त्याहूनही खाली आले. असंख्य मुलांची दृष्टी या एका थेंबाने वाचली. पुढे १९६८ मध्ये भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर सल्फाडायझीन आले. रौप्याचे आयन जंतूंच्या विकरांतील गंधकयुक्त गटांना चिकटतात आणि त्यांचा व्यवहार बंद पाडतात, हे या सर्वांमागील मुख्य कारण होय.

मग विहिरीला हेच औषध का नको? किंमत हे कारण सहज सुचते, परंतु ते पुरेसे नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात रौप्याची कमाल मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. या हिशेबाने एक लाख लिटर पाण्याच्या विहिरीस अवघे दहा ग्रॅम रौप्य लागेल. खरी अडचण वेगळी आहे. रौप्याची क्रिया मंद असते, आणि पाण्यातील क्लोराइड, गंधक व सेंद्रिय द्रव्ये त्याला आधीच गुंतवून टाकतात. शिवाय पाण्यात ते शिल्लक आहे की नाही, हे काठावर उभ्या असलेल्या माणसाला कळण्याचा सोपा मार्ग नाही.

विहिरीच्या औषधांचा इतिहास दुसऱ्याच वाटेने गेला. आग्र्याचे रासायनिक परीक्षक हँकिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पटकीच्या साथीवर पोटॅशियम परमँगनेटचा पुरस्कार केला. पटकीच्या जंतूंवर ते चालते. इतर जंतूंवर त्याचा प्रभाव थोडा, आणि पाण्याचा रंग व चव बिघडते ती निराळीच. अखेर ती जागा ब्लीचिंग पावडरने, खेड्यातील बोलीत ‘टीसीएल’ने घेतली. हजार लिटर पाण्याला अदमासे अडीच ग्रॅम चांगली पावडर आणि अर्ध्या तासाचा अवधी एवढेच तिला पुरते. नागपूर येथे १९५८ साली स्थापन झालेल्या संस्थेने (१९७४ पासून तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) लहान विहिरींसाठी दुहेरी मडक्याची युक्ती सिद्ध केली. एक किलो पावडर दोन किलो जाड वाळूत कालवून आतल्या मडक्यात भरायची, ते मडके दुसऱ्या मडक्यात ठेवायचे, आणि दोराने पाण्याखाली किमान मीटरभर सोडायचे. दोन्ही मडक्यांना एकेक सेंटिमीटरचे भोक असते; त्यांतून क्लोरीन दोन-तीन आठवडे हळूहळू झिरपत राहतो. कुंभाराच्या चाकाने आणि वाळूने साधणारे हे काम आहे, आणि त्याची योग्यता अजून पुरती ओळखली गेलेली नाही. क्लोरीन उरला की नाही, हे ऑर्थोटोलिडीनचा थेंब टाकताच दिसणारा पिवळा रंग सांगतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला तो दिसतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईलाही दिसतो.

सार्वजनिक विहिरीचे औषध सर्वांना पारखता येणारे असावे लागते, हे यातून निघते. पण विहीर सार्वजनिक होणे हीच महाराष्ट्रात फार मागाहूनची गोष्ट आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला, आणि त्यानंतर तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी त्यात पंचगव्याच्या घागरी ओतण्यात आल्या. शुद्धी या शब्दाचा हा अर्थ जोवर प्रबळ होता, तोवर जंतूंच्या शुद्धीला सर्वांची विहीर मिळणे कठीण होते. चांदीचे भांडे तर घरचे, आणि तेही मोजक्याच घरचे.

रौप्य सामान्य घरात शिरले ते पुण्याच्या वाटेने. टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर काम झाले, आणि राख, खडे व सिमेंट यांपासून ‘सुजल’ हे गाळणे तयार करण्यात आले. त्याच राखेवर रौप्याचे अतिसूक्ष्म कण बसवून डिसेंबर १९०९ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २००९ च्या डिसेंबरात ‘टाटा स्वच्छ’ मुंबईत प्रसिद्ध करण्यात आले. किंमत हजार रुपयांच्या आत. वीज नको, नळ नको. रौप्य संपल्याचे डोळ्यांना दिसत नाही, ही जुनी अडचण येथे यंत्राने सोडविली: सुमारे तीन हजार लिटर पाणी गाळून झाल्यावर आतील पुडी प्रवाहच बंद करीत असे. मात्र नवी पुडी बाजारातून आणावयाची ती कुटुंबाने, आपल्या पैशाने.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या आढाव्याने रौप्याला पिण्याच्या पाण्याचे प्रमुख जंतुनाशक मानण्याइतका पुरावा नाही, असे ठरविले. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याकडून पाणी सुरक्षित राखणाऱ्या ग्रामपंचायतींना हिरवे कार्ड मिळते, आणि सलग पाच वर्षे ते टिकविणाऱ्यांना चंदेरी. त्या चंदेरी कार्डामागे असते ती टीसीएलची गोणी, तिचे झाकण वेळच्या वेळी लावणारा जलसुरक्षक, आणि रोजची पिवळ्या रंगाची नोंद.