हिंदू कॉलनी : एका वस्तीची घडण

मराठी साहित्यव्यवहारात ‘दादर’ हा शब्द केवळ स्थलवाचक राहिलेला नाही. पांढरपेशा मध्यमवर्गाच्या मनोवृत्तीचे ते संक्षिप्त नाव झाले आहे. परंतु ही वस्ती आपोआप वाढलेली नाही. ती आखली गेली, आणि तिच्या आखणीचे निमित्त प्लेग हे होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचा रुग्ण आढळला. रोगाचे मूळ दाट वस्तीत व कोंदट हवेत आहे, अशी तत्कालीन सरकारी धारणा होती. तिच्यातूनच १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुन्या शहरातील वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले. श्रमिकांसाठी एकेका खोलीच्या चाळी उभारल्या, त्याच बी. आय. टी. चाळी. त्याच वेळी शहराच्या उत्तरेस दादर-माटुंग्याची जमीन संपादून तेथे आखीव रस्ते व भूखंड पाडले. योजना विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची. बांधकामाला खरी गती मात्र १९२० नंतर आली. हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी याच जमिनीवर वसल्या.

येथे घराची कल्पनाच पालटली. चाळीत नळ व संडास सामायिक असत. नव्या फ्लॅटमध्ये न्हाणीघर व संडास उंबरठ्याच्या आत आले. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना बाळगणाऱ्या कुटुंबांना ही लहानसहान तडजोड नव्हती. ती त्यांनी स्वीकारली. पण शेजार मात्र शक्यतो आपल्यांचाच राखला. शौचकूप घरात आले, तरी जात घराबाहेर गेली नाही. वस्त्यांना पडलेली नावेच याची साक्ष देतात.

या पार्श्वभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्थलांतर पाहावे. परळच्या बी. आय. टी. चाळीत त्यांनी सुमारे दोन दशके काढली. १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत त्यांनी हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, आणि त्यात आपल्या ग्रंथसंग्रहाला मानाचे स्थान दिले. चाळ आणि कॉलनी ही दोन्ही एकाच ट्रस्टची निर्मिती. त्यांच्यातील अंतर मैलांत मोजले तर किरकोळ. जातिव्यवस्थेच्या मापाने मोजले तर प्रचंड. ‘राजगृह’ ही व्यक्तिगत कर्तृत्वाची खूण आहेच; परंतु कोणाच्या शेजारी कोणी राहावे, या अलिखित नियमाला दिलेले ते दगडविटांचे उत्तरही आहे.

१९३३ साली ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला. त्याने आखलेला नकाशा मात्र टिकला. आपल्या वाङ्मयाचा इतिहास लिहिताना दादरच्या दिवाणखान्यातील कथेला आपण सहजपणे ‘मराठी कथा’ म्हणतो, आणि चाळीतल्या वा झोपडपट्टीतल्या कथेला मात्र ‘दलित’, ‘कामगार’ अशी विशेषणे जोडतो. हे विशेषणांचे वाटप वाङ्मयीन निकषांवर झाले की भूखंडांच्या वाटपाबरोबरच, हा प्रश्न आपल्या वर्गांतून विचारला गेला पाहिजे.