मक्यामागून आलेली लष्करी अळी

मराठवाड्यातल्या भोकरदन तालुक्यात कपाशीबरोबर मकाही पेरला जातो. मका मूळचा अमेरिका खंडातला. तिथली अमेरिकन लष्करी अळी मात्र इकडे पोचायला शतके लागली. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत आढळली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्गा भागात, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. २०१९ च्या खरिपात मराठवाड्यातल्या मक्याला तिने ग्रासले.

परदेशी किडींना अटकाव करणारा कायदा देशात १९१४ पासून आहे. बंदरांवर रोपे-बियाणे तपासली जातात, आणि ती तपासणी हवीच. पण एका रात्रीत शंभरेक किलोमीटर उडणाऱ्या या अळीच्या पतंगाला कोणता नाका अडवणार? म्हणून खरी राखण शेतातच करावी लागते.

मक्याचा पोंगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, उघडला की लाकडाच्या भुशासारखी ओलसर विष्ठा दिसते. आतल्या अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण असते, शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. मादी पानांवर पुंजक्याने अंडी घालते. ते पुंजके वेळीच वेचणे, कामगंध सापळे लावणे, ट्रायकोग्रामा हे मित्रकीटक सोडणे, हे उपाय सुरुवातीलाच करायचे असतात. अळी पोंग्यात खोल शिरली की फवारा तिच्यापर्यंत नीट पोचत नाही.