तारेचा आळा

गव्हाची कापणी शेतात उभं राहून एकदा जरी पाहिली, तरी कळतं की विळा चालवणं हे निम्मंच काम असतं. कापलेल्या मुठी गोळा करायच्या, कवळीभर झाल्या की त्यातल्याच चार-सहा काड्यांना पीळ देऊन त्यांचा आळा करायचा, तो पेंढीभोवती आवळायचा आणि पिळाचं टोक आत खुपसून द्यायचं. एखाद्या गोष्टीला 'आळा घालणं' असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर ही बांधलेली पेंढी आणायला काहीच हरकत नाही. या कामात गाठ नसते. असतो तो फक्त पीळ, आणि तो देणारी सरावलेली बोटं.

ही बोटं लोखंडात उतरवायला अमेरिकेला चाळीस वर्षं लागली. सायरस मॅकॉर्मिकने व्हर्जिनियात आपलं कापणीयंत्र चालवून दाखवलं ते १८३१ साली. पेंढी आपोआप बांधणारं यंत्र शेतकऱ्याच्या हाती पडलं १८७०च्या दशकात, आणि ते बांधत होतं तारेने. मधल्या काळाची हकीकत शेतापेक्षा वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात जास्त सापडते.

या कार्यालयाची रीत मुळात फारशी कडक नव्हती. १७९३च्या कायद्यानुसार अर्ज द्यायचा, शुल्क भरायचं आणि पेटंट घेऊन घरी जायचं. शोध खरोखर नवा आहे की नाही, हे कोर्टाने पुढे कधीतरी पाहावं. परिणामी एकाच कल्पनेवर दोघा-तिघांची पेटंटं असत आणि त्यांतलं कोणतं खरं, हे वकिलांची फी भरल्याशिवाय कळत नसे. जुलै १८३६च्या कायद्याने ही मोकळीक संपवली. आता परीक्षक नेमले गेले. प्रत्येक अर्ज आधीच्या सगळ्या शोधांशी ताडून पाहायचा आणि नवं काही असेल तरच पेटंट द्यायचं, असं ठरलं. क्रमांकही नव्याने एकपासून सुरू झाले. गंमत म्हणजे त्याच वर्षाच्या डिसेंबरात कार्यालयाला आग लागली आणि ज्यांच्याशी ताडून पाहायचं, ते जुने सुमारे दहा हजार दस्तऐवज व नमुने जळून गेले.

अर्जासोबत यंत्राचा छोटा नमुना देणं बंधनकारक होतं आणि तो फूटभर चौकोनात मावावा लागे. कापणीयंत्रांच्या कपाटात बाहुल्यांच्या खेळण्यांसारखी पाती, रहाट आणि चाकं मांडलेली असत. नवा अर्ज आला की परीक्षकाने ही मांडणी आणि जुनी चित्रं पाहायची, आणि अर्जदाराच्या दाव्यातून आधी होऊन गेलेलं सगळं वजा करायचं. उरेल ते त्याचं. हा उरलेला तुकडा बहुतेक वेळा अगदी लहान असे.

खुद्द मॅकॉर्मिकला हे महागात पडलं. त्याचं पेटंट १८३४चं, तर प्रतिस्पर्धी ओबेद हसीचं डिसेंबर १८३३चं. म्हणजे कागदावर हसी सहा महिने पुढे. १८४८ साली मॅकॉर्मिकने पेटंटला मुदतवाढ मागितली आणि ती नाकारण्यात आली. मग त्याने सुधारणांवर घेतलेल्या पेटंटांच्या जोरावर इलिनॉयमध्ये कापणीयंत्रं बनवणाऱ्या जॉन मॅनीवर दावा लावला. मॅनीच्या बाजूने काम पाहणारे पेटंट वकील पीटर वॉटसन यांना इलिनॉयमधलाच एखादा वकील सोबतीला हवा होता, म्हणून त्यांनी स्प्रिंगफील्डच्या एका उंच, किडकिडीत माणसाला गाठलं. खटला मात्र सिनसिनाटीला गेला. तिथे १८५५ साली बड्या वकिलांनी त्याला एक शब्दही बोलू दिला नाही. तो माणूस म्हणजे अब्राहम लिंकन. त्याची सर्वांत जास्त उपेक्षा करणारे एडविन स्टँटन पुढे लिंकनच्याच मंत्रिमंडळात युद्धमंत्री झाले. मॅकॉर्मिक हरला.

हे वॉटसन आपल्या गोष्टीत आणखी एका कारणाने येतात. एडवर्ड रेनविक यांच्यासोबत त्यांनी स्वतःच १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला कापून बांधणाऱ्या यंत्राची पेटंटं घेतली होती. ते यंत्र बाजारात चाललं नाही. पण पेटंटच्या जगात न चाललेलं यंत्रही निरुपयोगी नसतं. ते कपाटात बसून राहतं, आणि वीस वर्षांनी कोणी तीच कल्पना घेऊन आला की परीक्षक त्याच्याकडे बोट दाखवतो. १८५०मध्ये ओहायोच्या जॉन हीथने दोरीने बांधणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं, तेही असंच कपाटात बसून होतं.

दोरी सोडून लोक तारेकडे वळले, त्याचं कारण पेंढीतच दडलेलं आहे. दोरीला गाठ मारावी लागते, आणि गाठ म्हणजे एक टोक दुसऱ्याभोवती फिरवून फासातून ओढणं. माणसाच्या दहा बोटांना ते न बघता जमतं, पण खडबडीत रानातून घोड्यांमागे हिंदकळत जाणाऱ्या लोखंडाला जमेना. तारेचं तसं नाही. दोन टोकं जवळ आणायची, पीळ द्यायचा, तोडायची, झालं. काडीच्या आळ्याची जुनी युक्तीच पोलादात आली होती. १८५८मध्ये इलिनॉयच्या मार्श बंधूंनी यंत्रावर फळी टाकून दोन माणसांना उभं केलं आणि पट्ट्यावरून वर येणारं पीक चालत्या यंत्रावरच हाताने बांधायची सोय केली. आता त्या दोन माणसांच्या जागी तार बसवायची, एवढाच प्रश्न होता.

तो सोडवायला बरेच जण पुढे आले. १८६०च्या आसपास बर्सन नावाच्या संशोधकाने हाताने फिरवायचं तारेचं यंत्र काढलं. विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिल गावच्या सिल्व्हेनस लॉकचं यंत्र वॉल्टर वुडच्या कारखान्याने १८७०च्या दशकात विकायला काढलं. आणि त्याच जेन्सव्हिलमधल्या चार्ल्स विदिंग्टनला १८७२ साली पेटंट मिळालं. विदिंग्टन व्यवसायाने जवाहिऱ्या होता. बारीक तारेला पीळ देण्याचं काम एखाद्या जवाहिऱ्याला सुचावं, यात नवल नाही. त्याच्या यंत्राचे दोन पोलादी हात पेंढीला मिठी मारत, तार फिरवून पीळ देत, तोडत आणि पेंढी खाली टाकत.

'पेंढी तारेने बांधणं' यावर तोवर कोणालाही हक्क सांगता आला नसता, कारण ते आधीच होऊन गेलं होतं. 'यंत्राने बांधणं' यावरही नाही. उरायचे ते अमुक हात, अमुक पीळयंत्र आणि त्यांची अमुक जोडणी. १८७०च्या कायद्याने तर नवं नेमकं काय, हे दाव्यात नेमकेपणाने लिहायची सक्तीच केली. संशोधकाला आपला शोध आभाळाएवढा वाटतो, आणि परीक्षक त्याच्याकडून एका खिळ्याची जागा लिहून घेतो. हे चीड आणणारं काम होतं खरं, पण तसं झालं नसतं तर पहिल्या पेटंटवाल्याने अख्खं शेतच कुंपणात घेतलं असतं.

याची परीक्षा पाहणारा एक खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे १८६८मध्ये गॉर्डन नावाच्या संशोधकाला पेटंट मिळालं होतं. पिकाची उंची रानागणिक बदलते आणि बंध तर पेंढीच्या मध्यावर बसायला हवा. म्हणून त्याने बांधणारा हात काडीच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे सरकवता येईल अशी सोय केली होती. पुढे ही सोय बहुतेक सगळ्याच यंत्रांत आली आणि गॉर्डनच्या बाजूने सगळ्यांवर हक्क सांगितला गेला. १८९३ साली न्यायालयाने आधीचे शोध समोर ठेवून दाव्याचा अर्थ लावला. हक्क मिळेल तो त्याच्या स्वतःच्या रचनेपुरता, सरकवण्याच्या कल्पनेवर नाही, असं ठरलं. तोवर त्या पेटंटची मुदत संपून आठ वर्षं झाली होती, आणि तारेची यंत्रंही शेतातून गेली होती.

ती कोर्टात हरून गेली नाहीत. विदिंग्टनच्या पद्धतीची सुमारे ५०,००० यंत्रं मॅकॉर्मिकने १८७७ ते १८८५ दरम्यान विकली असं सांगतात, म्हणजे धंदा जोरात होता. पण मळणीत तार तुटायची आणि तिचे तुकडे काडात, भुशात, धान्यात जायचे. गिरणीत ते जात्याखाली सापडले की ठिणगी उडायची, आणि पिठाच्या धुळीने भरलेल्या गिरणीत ठिणगी म्हणजे काय, ते सांगायला नको. गिरणीवाल्यांनी धान्याच्या वाटेवर लोहचुंबक बसवले. गाय मात्र चारा नीट न चावता गिळते आणि मग सावकाश रवंथ करते. तारेचा तुकडा तिच्या जाळीदार पोटात अडकतो आणि भिंत भेदून शेजारच्या हृदयापर्यंत पोहोचू शकतो. आपल्याकडचे जनावरांचे डॉक्टरही आज गायीच्या पोटातून तारा-खिळे काढतात. परीक्षकाने यंत्र नवं आहे का, एवढंच पाहिलं होतं. चारा कोण खाणार, हा प्रश्न त्याच्या फाइलीत नव्हताच.

त्यामुळे सोडून दिलेल्या दोरीकडे आणि तिच्या गाठीकडे परत यावं लागलं. विस्कॉन्सिनच्याच जॉन ॲपलबीच्या डोक्यात गाठ मारणारी चोच १८५८पासून, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षापासून होती. मधल्या काळात त्यानेही तारेच्या यंत्रावर मेहनत घेतली आणि मग पुन्हा दोरी धरली. त्याचं मुख्य पेटंट फेब्रुवारी १८७९चं. पण चोचीसारख्या आकड्याने गाठ मारण्याचं पेटंट रॉकफर्डच्या जेकब बेहेलने १८६४मध्येच घेऊन ठेवलं होतं. इतिहासाची पुस्तकं ॲपलबीला 'जनक' म्हणतात. कपाटातले नमुने एवढ्या सहजासहजी तसं म्हणू देत नाहीत. माझ्या मते त्याचं श्रेय गाठ शोधण्याचं नाही. हिंदकळणाऱ्या यंत्रात ती गाठ दिवसभर बिनचूक बसेल अशी जोडणी त्याने केली, आणि तेच कठीण होतं.

कारखानदार विल्यम डिअरिंगने ॲपलबीची ही यंत्रं घेतली आणि १८८०च्या हंगामासाठी ३,००० बनवली. मॅकॉर्मिकलाही लवकरच दोरीवर यावं लागलं. दोरीसाठी लागणाऱ्या घायपाताच्या धाग्याने मेक्सिकोतल्या युकातानचे जमीनदार गबर झाले आणि तिथले माया मजूर कर्जात बांधले गेले.

त्या फूटभर नमुन्यांपैकी ऐंशी हजारांहून अधिक १८७७च्या दुसऱ्या आगीत गेले. १८८०मध्ये नमुना देण्याची सक्ती उठली आणि उरलेले बरेचसे नमुने १९२५नंतर विकून टाकण्यात आले. कापणीचं काम कम्बाइनने घेतलं तशी पेंढी बांधणारी यंत्रंही मोडीत गेली. गाठ मारणारी ती चोच मात्र वाळल्या चाऱ्याचे चौकोनी गठ्ठे दोरीने बांधणाऱ्या बेलर यंत्रांत आजही फिरते आहे.