हॅलोजनयुक्त सेंद्रिय संयुगांच्या बाष्पीभवन-उष्णतेचे मापन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

उष्मारसायनशास्त्राच्या इतिहासात ज्वलन-उष्णतेच्या मापनाला जे स्थान लाभले, ते बाष्पीभवन-उष्णतेच्या मापनाला लाभले नाही. वस्तुतः पहिल्याचे फळ दुसऱ्यावाचून पदरात पडत नाही. द्रवाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या आकड्यात रेणूतील बंध आणि रेणूरेणूंमधील आकर्षण या दोहोंचा हिशेब मिसळलेला असतो. कार्बन-क्लोरीन किंवा कार्बन-आयोडीन बंधाची ऊर्जा काढावयाची, तर आकर्षणाचा वाटा वेगळा करावा लागतो. बाष्पीभवनाची उष्णता हाच तो वाटा होय.

१८३९ मध्ये क्लोरोफॉर्मवर क्लोरीनची क्रिया घडवून कार्बन टेट्राक्लोराइड तयार करणारा फ्रेंच शास्त्रज्ञ रेनो हाच पुढे बाष्पांच्या काटेकोर मापनाचा अग्रणी ठरला, हा योगायोग लक्षणीय आहे. बाष्पदाबाची सारणी हाती असली की क्लापेरों (१८३४) व क्लॉसियस (१८५०) यांच्या समीकरणाने उष्णता गणिताने काढता येई. १८८४ मध्ये ट्रूटनने त्याहून सोपा ठोकताळा दिला : मोलर बाष्पीभवन-उष्णतेला केल्विनमधील उत्कलनबिंदूने भागल्यास बहुतेक द्रवांसाठी सुमारे ८५ ज्यूल येतात. कार्बन टेट्राक्लोराइड सुमारे ३५० केल्विनला उकळते व तेथे त्याची उष्णता २९.८ किलोज्यूल प्रति मोल आहे. भागाकार ८५ च येतो. अशा मेळामुळे गणिती मार्गावरच दीर्घकाळ भिस्त राहिली.

तथापि हे समीकरण रूढ सोप्या रूपात वापरताना बाष्प आदर्श वायूप्रमाणे वागते असे गृहीत धरावे लागते. शिवाय ज्वलनाच्या सारण्या २५° सेल्सिअसच्या, तर बाष्पीभवनाचे आकडे पुष्कळदा उत्कलनबिंदूचे. कार्बन टेट्राक्लोराइडचे २५° ला मूल्य ३२.४ किलोज्यूल आहे. हा २.६ किलोज्यूलचा फरक दुर्लक्षिला तर तो थेट बंध-ऊर्जेच्या हिशेबात शिरतो.

ही उणीव भरून काढण्यात स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. हॅलोजनयुक्त संयुगांचे ज्वलन मुळातच अवघड. क्लोरीन संयुगापासून हायड्रोजन क्लोराइडबरोबर मुक्त क्लोरीनही निर्माण होतो. अशा अवघड संयुगांच्या ज्वलन-मापनाची परंपरा तेथे रुजलेली होती. इंग्वार वाडसो यांनी १९६६ मध्ये अल्प नमुन्यावर व २५° तापमानासच काम करणारा बाष्पीभवन-उष्मामापी सिद्ध केला आणि १९६८ मध्ये क्लोराइड, ब्रोमाइड व आयोडाइड संयुगांची मापने प्रसिद्ध केली. तत्त्व साधे होते. द्रव उडताना पात्र थंड होऊ पाहते; तेवढी उष्णता विद्युतप्रवाहाने पुरवावयाची, आणि खर्ची पडलेल्या विद्युत-ऊर्जेला उडालेल्या वस्तुमानाने भागावयाचे. खरी कसोटी होती ती नमुन्याच्या शुद्धतेची. आयोडाइडे तर प्रकाशानेही विघटित होतात.

या वर्गातील आकडे बोलके आहेत. २५° ला १-क्लोरोब्युटेनची बाष्पीभवन-उष्णता ३३.५, १-ब्रोमोब्युटेनची ३६.६ आणि १-आयोडोब्युटेनची ४०.६ किलोज्यूल प्रति मोल भरते. विद्युतऋणता या तिघांत क्लोरीनची सर्वाधिक, परंतु आकर्षण आयोडाइडमध्ये अधिक. ध्रुवीय क्लोरोफॉर्मचे मूल्य ३१.३, म्हणजे अध्रुवीय कार्बन टेट्राक्लोराइडपेक्षाही कमी. मोठ्या, सहज विरूपित होणाऱ्या इलेक्ट्रॉन-मेघांमुळे उद्भवणारे जे आकर्षण लंडन यांनी १९३० मध्ये सिद्धान्तरूपाने मांडले, त्याचा प्रत्यय येथे येतो. १९८५ मध्ये मायर व स्वोबोदा यांनी आययूपीएसीसाठी सेंद्रिय संयुगांच्या बाष्पीभवन-उष्णतांचे चिकित्सक संकलन केले, तेव्हा उष्मामापीने प्रत्यक्ष मोजलेल्या मूल्यांनाच आधार मानले.