तांब्याचें चिलखत आणि जस्ताचा बळी

आमच्या अमरावतीपासून समुद्र शेंकडों मैल दूर आहे. तरी खारें पाणी धातूस कसें खातें, हें समजण्यास वऱ्हाडांतल्या माणसाला स्वयंपाकघराबाहेर जावें लागत नाहीं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यांत चिंचेचें सार ठेविलें कीं तें कळकतें, हें घरोघरीं ठाऊक आहे.

लांकडी जहाजांना पूर्वीं दोन शत्रू असत: लांकूड पोखरणारा किडा आणि तळाला चिकटणारे शंखशिंपले. त्यांवर उपाय म्हणून १७६१ सालीं इंग्रजी आरमाराने ‘अलार्म’ नांवाच्या जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्यांनीं मढविला. तांबें पाण्यांत हळूहळू विरघळतें व तें विष ह्या जीवांना मानवत नाहीं. परंतु दोन वर्षांनीं पाहतात तों तांब्याला टेंकलेले लोखंडी खिळे पार खाल्ले गेलेले! ज्या ठिकाणीं पत्र्यांभोंवतालचा वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून तसाच राहिला होता, तेथील खिळे मात्र शाबूत होते. खाऱ्या पाण्यांत दोन धातू एकमेकांस भिडले, कीं दुबळा धातू झिजतो, हा धडा कागदाच्या कपट्याने शिकविला.

पुढें तांबें मढविण्याची रीत रूढ झाली. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनीं मलबारी सागवानाचें ‘ट्रिंकोमाली’ १८१७ सालीं पाण्यांत सोडलें, तें ह्याच काळांत. तें जहाज आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें जपून ठेविलें आहे.

१८२४ च्या सुमारास हंफ्रे डेव्ही ह्या शास्त्रज्ञाने युक्ति काढली. तांब्याला लोखंडाचा किंवा जस्ताचा तुकडा जोडावा. तो झिजेल व तांबें वांचेल. तांबें वांचलें खरें, पण तें विरघळेनासें झाल्यामुळें शंखशिंपले पुन्हां चिकटूं लागले! संरक्षण ज्या झिजेंत होतें, तीच झीज थांबविली गेली होती.

अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू यांनीं १८८६ सालीं स्वतंत्रपणें शोधलेल्या रीतीमुळें अॅल्युमिनियम स्वस्त झालें, आणि आज लहान यांत्रिक होड्यांचे पंखे त्याचे असतात. शिंपले बसूं नयेत म्हणून कोणी तांबेयुक्त रंग अशा उघड्या पंख्यावर लावील, तर ‘अलार्म’च्या खिळ्यांची गत त्या पंख्याची होईल. म्हणून पंखा प्रथम घासून स्वच्छ करावा, अॅल्युमिनियमला साजेसा अस्तराचा रंग द्यावा व त्यावर तांबें नसलेला रंग चढवावा. हें अस्तर म्हणजे त्या तपकिरी कागदाचेंच काम. शिवाय इंजिनाला जस्ताचा वा अॅल्युमिनियम-मिश्रधातूचा तुकडा जोडलेला असतो. सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा जलाशयासारख्या गोड्या पाण्यांत मात्र जस्त मंदावतें. तेथें मॅग्नेशियम उपयोगी पडतें.

तो तुकडा झिजलेला दिसतो म्हणून पुष्कळजण त्यालाही रंग फांसतात. तसें करूं नये. झिजणें हेंच त्याचें काम आहे. अर्धा सरला कीं नवा बसवावा. पंख्याच्या मानाने त्याची किंमत अगदींच थोडी असते.