मधाची बाटली आणि परसांतला शिंजीर

रत्नागिरींतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या माघांत अमेरिकेहून एक पुडकें आलें. त्यांत तांबड्या बुडाची कांचेची एक बाटली होती. बुडास चार कृत्रिम फुलें, आणि प्रत्येक फुलाच्या पोटांत एक बारीक छिद्र. पुडकें धाडणारा नातू तिकडे नोकरीस आहे. ज्यांच्यासाठीं तें धाडलें, त्या त्याच्या आजी वर्षभर अंथरुणास खिळून आहेत. त्यांच्या खोलीची खिडकी परसाकडे उघडते. बाटलींत साखरपाणी घालून ती खिडकीबाहेर टांगावी, म्हणजे आजीला निजल्या जागेवरून पांखरें दिसतील, असें नातवानें लिहिलें होतें. घरच्या मंडळींनीं तसें केलें. पंधरा दिवसांत बाटलीच्या भेटीस आले ते तांबड्या मुंग्या आणि शेजारचें मांजर. आणि बाटलीपासून दहा हातांवर, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेल्या केळीच्या केळफुलाशीं, जांभळा शिंजीर दिवसांतून वीस वेळां येऊन जात होता. मात्र केळ भिंतीच्या आड असल्यामुळें आजींस तो दिसत नव्हता.

"हें असें कां?" म्हणून स्नेह्यांनीं आम्हांस विचारलें. प्रश्न एका बाटलीचा खरा. परंतु त्याचें उत्तर शोधूं जातां आम्हांस दोन खंडांचे जुने कागद चाळावे लागले. त्यांतील कांहीं गोष्टी वाचकांपुढें ठेवण्यासारख्या वाटतात.

ही बाटली ज्या पांखरासाठीं घडली, तो हमिंगबर्ड. त्याच्या साडेतीनशेंच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतील एकहि आज अमेरिका खंडाबाहेर नाहीं. जर्मनींत सांपडलेल्या सुमारें तीन कोटि वर्षांपूर्वींच्या अवशेषांवरून त्याचे पूर्वज एके काळीं जुन्या जगांतहि होते असें २००४ सालीं दिसून आलें. पण तो वंश इकडे उरला नाहीं. युरोपांतील लोकांस या पांखराचें जें वेड लागलें, तें मेलेल्या पांखराचें होतें. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें १८५१ सालीं, म्हणजे लंडनच्या प्रसिद्ध महाप्रदर्शनाच्याच वर्षीं, तेथील प्राणिसंग्रहालयाच्या बागेंत पेंढा भरलेल्या हमिंगबर्डांचा संग्रह मांडला. पंचाहत्तर हजारांहून अधिक लोक तो पाहण्यास लोटले. मौज ही कीं, या पांखरांवर मोठमोठे चित्रग्रंथ काढणाऱ्या या गृहस्थानें तोंवर एकहि जिवंत हमिंगबर्ड पाहिलेला नव्हता. तो योग १८५७ सालीं फिलाडेल्फियांतील बार्ट्रामच्या बागेंत आला. परततांना त्यानें जिवंत पांखरें बरोबर घेतलीं, आणि पाकाची लहानशी बाटली पुढें धरून तो त्यांस जहाजावर पाजीत राहिला. आयर्लंडजवळची थंड हवा लागतांच पांखरें मलूल झालीं. एक लंडनपर्यंत पोंचलें आणि दुसऱ्या दिवशीं मेलें. आमच्या मतें मधाच्या बाटलीचा इतिहास लिहावयाचा तर या जहाजापासूनच आरंभ करणें योग्य. पांखरूं आपल्याजवळ राहावें, या हव्यासाचीच ती वस्तु आहे.

ही बाटली पिंजऱ्यांतून अंगणांत आणण्याचें श्रेय ज्यांस आहे, त्यांत आयोवा संस्थानांतील नॅशनल या खेड्यांत राहणाऱ्या अल्थिया शर्मन या बाईंचें नांव घेतलें पाहिजे. १९०७ सालापासून त्यांनीं साखरपाण्याच्या कुप्यांस हातानें केलेलीं फुलें बांधून त्या अंगणांत लावल्या, आणि सात उन्हाळ्यांचा अनुभव १९१३ सालीं प्रसिद्ध केला. बाईंची चिकाटी अशी कीं, कोणत्या कुपीवर पांखरूं किती वेळां आलें, याची त्या टिपणें ठेवीत. हमिंगबर्डास तांबडाच रंग लागतो, अशी तेव्हां समजूत होती. बाईंनीं बिनफुलाची, बिनरंगाची कुपीहि टांगून पाहिली आणि पांखरें तिच्यावरहि आलीं. शंभर वर्षें होऊन गेलीं, तरी विकतच्या बाटल्या अजून तांबड्याच निघतात! पुढें १९३६ सालीं हॅरॉल्ड एजर्टन यांनीं न्यू हॅम्पशायरांत विजेच्या निमिषमात्र लखलखाटांत या पांखरांचीं छायाचित्रें घेतलीं, आणि सेकंदास पन्नासांच्या घरांत हलणारे पंख प्रथमच स्थिर दिसले. हमिंगबर्ड हवेंत एके जागीं उभा राहतो, मागेंहि सरतो. त्यास बसावयास जागा लागत नाहीं. म्हणूनच पुष्कळ बाटल्यांस दांडी नसते.

स्नेह्यांच्या बाटलीसहि दांडी नव्हती. शिंजीर क्षणभर पंखांवर तरंगूं शकतो, पण तो त्याचा धर्म नव्हे. तो फांदीस, देठास, प्रसंगीं फुलासच पाय रोवून उलटासुलटा होऊन मध पितो. त्याची बांकदार चोंच आणि नळीसारखी जीभ पाहून प्रथमदर्शनीं कोणीहि त्यास हमिंगबर्डाचा भाऊबंद म्हणेल. वस्तुतः दोघांचें नातें कावळ्याचिमणीच्या नात्याहूनहि दूरचें आहे. एकाच तऱ्हेच्या फुलांवर उपजीविका करतां करतां दोन निराळीं कुळें एकमेकांसारखीं दिसूं लागलीं, एवढेंच.

आतां इकडचे कागद पाहूं. कर्नल साइक्स यानें दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ सालीं लंडनांत प्रसिद्ध केली. सह्याद्रीखेरीज अन्यत्र न सांपडणारे दोन शिंजीर शास्त्राच्या दप्तरीं त्यानें दाखल केले. एक बोटभर लांबीचा, किरमिजी पाठीचा. दुसरा तांबड्या गळ्याचा. या दुसऱ्यास त्यानें विगर्स या लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या चिटणिसाचें नांव दिलें. ज्या पांखरानें सह्याद्री कधीं सोडला नाहीं, त्याचें नांव थेम्सकांठच्या गृहस्थाचें! खास रत्नागिरीचें काम म्हणजे विडाल या मुलकी अधिकाऱ्याचें. त्याची दक्षिण कोंकणच्या पक्ष्यांची यादी १८८० सालीं ह्यूमच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकांत आली. तिचीं पानें शंभराला चारच कमी. काँग्रेसच्या स्थापनेमुळें आपणांस ठाऊक असलेला तोच हा ह्यूम. त्याचीं स्वतःचीं अनेक वर्षांचीं टिपणें पुढें सिमल्याच्या बाजारांत रद्दीच्या भावानें गेलीं. विडालनें आपली यादी वेळींच छापून टाकली हें बरें केलें.

या मंडळींचें साधन मुख्यतः बंदूक. पांखरूं पाडावें, मापावें, सोलून पेटींत ठेवावें, ही तेव्हांची रीत. तिला आज नांवें ठेवणें सोपें आहे. पण त्यांच्या मापांवांचून पुढच्यांस पाऊल टाकतां आलें नसतें. घराच्या ओटीवरून पांखरें पाहण्याची दृष्टि एटकिन यानें आणली. साताऱ्यास जन्मलेला, जकात आणि मीठ खात्यांत नोकरी करतां करतां रत्नागिरींतहि राहून गेलेला हा गृहस्थ, मुंबईस १८८३ सालीं निघालेल्या निसर्गेतिहास मंडळाच्या आठ संस्थापकांपैकीं एक. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, हें सांगावयास आम्हांस अभिमान वाटतो. एटकिनचें मुंबईच्या पांखरांवरील पुस्तक १९०० सालचें. तें वाचतांना लेखक आरामखुर्चींतून उठलाच नसेल असें वाटतें, आणि तेंच त्याचें सामर्थ्य आहे.

परंतु आमच्या प्रश्नाचें खरें उत्तर निघालें तें सलीम अली यांच्या १९३१ सालच्या एका लहानशा निबंधांत. विषय कोंकणांतील बांडगूळ आणि त्याचा प्रसार करणारीं पांखरें. बांडगुळाच्या नळीसारख्या फुलांतील मध शिंजीर पितो आणि त्याच्या कपाळास लागलेला पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. मग धरलेलें फळ फुलचुखी गिळते, आणि त्याची चिकट बी ती जेथें बसेल त्या फांदीस चिकटते. एक लग्न लावतो, दुसरी पेरणी करते. आमच्याकडे शिंजीर आणि फुलचुखी या दोघांस एकाच नांवानें हांक मारणारे पुष्कळ आहेत. बांडगुळानें मात्र त्यांचीं कामें चोख वांटून दिलेलीं आहेत.

बांडगूळ हा शब्द मराठींत शिवीच आहे, आणि आंब्याच्या कलमांवर पोट भरणाऱ्या रत्नागिरीकरास तसें वाटावें हें न्याय्यच आहे. फांदी वाळूं लागली कीं कोयता चालवावा लागतो. पांखरांसाठीं कलमें बुडवा असा उपदेश आम्ही कोणासहि करणार नाहीं. पण शिंजिराच्या बाजूनें हिशेब मांडला तर चित्र निराळें दिसतें. बांडगूळ गेलें. गडग्यावर पांगाऱ्याचे खुंट रोवून कुंपण करीत, त्या जागीं चिऱ्याची गिलावा केलेली भिंत उभी राहिली. सांवर तोडली. न्हाणीचें पाणी नळांतून गटारांत गेलें, तेव्हां त्यावर जगणारी केळ आणि जास्वंद वाळली, आणि परसांत गाडी उभी करावयास फरशी झाली. ज्यानें एवढें सारें केलें, तोच पुढें बाजारांत जाऊन पांखरांसाठीं बाटली कोणती घ्यावी हें विचारतो. आमच्या स्नेह्यांचें परसूं अजून पुष्कळ शाबूत आहे, म्हणूनच त्यांची बाटली रिकामी राहिली. शेजारीं पंगत वाढलेली असतां साखरपाणी कोण पिणार?

आणि येथेंच इतिहासानें आम्हांस एक गंमत दाखविली. हमिंगबर्ड कोंकणांत कधीं आला नाहीं. पण त्याचीं फुलें येऊन पुष्कळ काळ लोटला. कर्दळ ही अमेरिकेची. मलबारच्या वनस्पतींवर डचांनीं १६७८ ते १६९३ या काळांत छापलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथांत तिचें चित्र आहे, आणि तेथें तिला मलयाळी नांवहि मिळालेलें आहे. म्हणजे कोलंबसानंतर दोनशें वर्षांच्या आंत ती आपल्या किनाऱ्यावर घरची झाली होती. लिनेअसनें १७५३ सालीं तिला 'इंडिका' हें नांव देऊन घोटाळा पुरा केला. मिरची जास्वंद मेक्सिकोकडची. तिचें न उमलणारें लांबट फूल मुळीं हमिंगबर्डाच्या चोंचीच्या मापानें घडलेलें. हल्लीं बागांतून दिसणारा केशरी फुलांचा हमेलिया तोहि तिकडलाच. हीं फुलें इकडे आलीं, आपला जुना पाहुणा येईना म्हणून कांहीं काळ वाट पाहत राहिलीं असतील, आणि मग शिंजिरानें त्यांच्या दारांत पाय ठेवला. ज्या फुलाची नळी त्याच्या चोंचीस फार लांब पडते, तिच्या बुडाशीं भोंक पाडून तो मध चोरतो. पराग नेण्याची चाकरी करीत नाहीं. परक्याच्या मुलखांत एवढें नुकसान सोसावेंच लागतें.

तेव्हां आम्हीं स्नेह्यांस दिलेला सल्ला असा. बाटली टाकूं नये, नातवाचें मन तिच्यांत आहे; परंतु तिच्या बुडाखालीं बोरूएवढी जाड काडी आडवी बांधून पांखरास बसावयास जागा करावी. एक वाटी साखरेस चार वाट्या पाणी, याहून दाट करूं नये. रंग घालूं नये. मध तर मुळींच नको, तो पातळ केला कीं लवकर आंबतो आणि त्यावर बुरशी धरते. आमच्या उन्हाळ्यांत पाणी रोज बदलून बाटली कढत पाण्यानें धुवावी. ज्याला रोज धुणें होणार नाहीं, त्यानें ती टांगूंच नये. मुंग्यांचा उपाय आपल्या बायकांस ठाऊक आहेच. कपाटाच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवतात, तशी एक करवंटी भोंक पाडून टांगणीच्या तारेंत ओवावी, भोंक मेणानें बुजवावें आणि करवंटींत पाणी ठेवावें. बाटली सावलींत, मांजराच्या उडीबाहेर असावी. पण या साऱ्याआधीं खिडकीखालीं कर्दळीचे दोन कंद आणि मिरची जास्वंदीची एक फांदी लावावी, आणि न्हाणीचें पाणी पन्हळानें तिकडे वळवावें. शिवाय शिंजीर आपलीं पिल्लें कोळी आणि बारीक किडे चारून वाढवितो, नुसत्या साखरेवर तीं जगत नाहींत. आंब्यावर औषध मारतांना तें खिडकीकडच्या झाडांवर उडणार नाहीं, एवढें पाहावें. हें शेवटचें कलम स्नेह्यांस थोडें जड गेलें असें त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलें. तरी त्यांनीं तें मान्य केलें.

कर्दळीचे कंद दुसऱ्या परसांतून फुलावर आलेलेच उचलून आणले होते. चैत्राच्या दुसऱ्या आठवड्यांत आम्ही पुन्हां गेलों, तेव्हां शिंजीर खिडकीशीं येऊं लागला होता. बाटलीच्या काडीवर तो बसे खरा, पण तेथून उडी मारण्यापुरता, पिई कर्दळीचेंच. आजी मात्र चिंतेंत होत्या. विणीच्या दिवसांत हा नर आपल्या प्रतिबिंबासहि शत्रु समजतो, आणि खिडकीच्या कांचेंत दिसणाऱ्या दुसऱ्या शिंजिराशीं तो सकाळपासून झुंजत होता. "दमेल हो तो, कांच झांका," असें आजींचें म्हणणें. कांच झांकली तर पांखरूं दिसणार नाहीं, हें घरच्यांनीं त्यांस सांगून पाहिलें, त्या ऐकेनात. जुनें लुगडें बाहेरून लावण्याची तयारीहि झाली होती. शेवटीं स्नेह्यांनीं तावदानें उघडून पार भिंतीस टेकवून ठेवलीं, तेव्हां प्रतिबिंब गेलें आणि भांडण मिटलें. आतां त्या खोलींत संध्याकाळीं डांस येतात. आजी मच्छरदाणींतून बाहेर पाहत असतात.